घटस्फोटानंतर मुलीला घेऊन जर्मनीला यावं का?

तू विचारलंस की डिव्होर्सला वर्ष झालंय, म्युनिकची ऑफर हातात आहे, सात वर्षांच्या मुलीला घेऊन एकटीने जमेल का आणि तिकडे गेल्यावर मन सावरेल का. ताई म्हणालीस म्हणून एकेरीतच लिहिते. दोन दिवस उत्तर टाळलं, कारण 2016 मध्ये पुण्याहून न्यूरेंबर्गला आले तेव्हा माझ्या डोक्यात हेच होतं.

व्हिसा, पगार, इन्शुरन्स सगळं वेबसाइटवर आहे, ते सोडते. कागदांचं सांगते. एजंटला पैसे देऊन कोर्टाच्या डिक्रीवर अपॉस्टिल (परदेशात कागद खरा मानावा म्हणून मारतात तो सरकारी शिक्का) घेतलं आणि नंतर कळलं की जर्मनी भारताचं अपॉस्टिल मानतच नाही. मग मुलाच्या व्हिसासाठी त्याच्या बाबांची सही, तिला चार महिने लागले, आणि ज्या माणसाशी आता बोलायला लागू नये म्हणून कोर्टात गेले त्यालाच रोज गोड आवाजात फोन करत होते. अजून आठवलं की पोटात ढवळतं. तू आत्ताच वकिलाला सांग, मुलीला परदेशी नेण्याची परवानगी कागदावर स्पष्ट हवी.

एकटेपणा असतो, नोव्हेंबरात जास्त. निभतं.

शाळेचं मात्र निभत नाही. बव्हेरियात, म्हणजे म्युनिक आणि न्यूरेंबर्गच्या राज्यात, चौथीतच वाटा फुटतात. मे महिन्याच्या सुरुवातीला सर्टिफिकेट येतं, जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास ह्यांची सरासरी 2.33 पर्यंत असेल तर गिम्नाझियम (युनिव्हर्सिटीकडे नेणारी शाळा), 2.66 पर्यंत रेआलशूल (मधली, दहावीपर्यंतची), नाहीतर मिटेलशूल (हाताला काम शिकण्याकडे नेणारी). मार्कांत इथे 1 सगळ्यात चांगला. माझा मुलगा आला तोच तिसरीत. गणित 2, परिसर 3, जर्मन 4. सरासरी 3. बाई म्हणाल्या त्याच्यासाठी हेच बरं, आणि मी मान डोलावली.

खरं सांगू? तीन दिवसांचं प्रोबेउंटररिष्ट, म्हणजे चाचणीचे वर्ग, देऊन रेआलशूलला जायची वाट होती. मला माहीत होतं. पण त्याच आठवड्यात त्याच्या बाबांच्या दुसऱ्या लग्नाचं कळलं, मी ऑफिसातून येऊन दिवा न लावता बसायचे, फॉर्म टेबलावर तसाच राहिला, तारीख गेली. हे मी आईलाही सांगितलेलं नाही.

मन सावरलं, पण इकडे आल्यामुळे नाही, त्या फॉर्मनंतर. संध्याकाळच्या जर्मन क्लासला नाव घातलं, शाळेच्या प्रत्येक मीटिंगला तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये हात वर करून विचारायला लागले, आवाज थरथरायचा तरी. सातवीत त्याला एम-क्लास (मिटेलशूलमधलाच, पण रेआलशूलच्या तोडीची दहावी देणारा वर्ग) मिळाला, 2024 ला दहावी झाला, मग फाखओबरशूलला (दहावीनंतर कॉलेजकडे नेणारी शाळा) गेला. तेव्हा एकदा त्याला फॉर्मचं सांगितलं. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "मला वाटायचं मीच ढ आहे."

तू ये. मुलगी दुसरीत बसेल, चौथीचा मे यायला वेळ आहे. त्या महिन्यात तुला उठवत नसेल तर मला मेसेज कर, म्युनिक इथून ट्रेनने तासाभरावर आहे, मी येऊन फॉर्म भरते.