गांजामुळे झालं की रक्तातून आलं?

प्रश्न : माझा मुलगा २० वर्षांचा आहे, पुण्यात इंजिनिअरिंगला होता. दिवाळीला घरी आला तो झोपेचना. एका रात्री स्टुलावर चढून ट्यूबलाइटचा स्टार्टर काढला, म्हणाला, यात कॅमेरा आहे. कोणीतरी नाव घेऊन शिव्या देतंय म्हणायचा. रूममेटने सांगितलं, दोन वर्षं रोज गांजा ओढत होता. इथल्या डॉक्टरांनी स्किझोफ्रेनियाचं निदान केलं. गोळ्या सुरू आहेत, आता बराच शांत आहे. हे म्हणतात, ‘आम्हीही होळीला भांग प्यायलो, आम्हाला काय झालं? हे तुझ्या माहेरचं आहे.’ माझे धाकटे मामा असेच होते. खरं काय?
– एक आई, कराड

उत्तर : ताई, ‘यामुळेच झालं’ असं एका मुलाकडे बघून कोणालाच सांगता येत नाही. हजारो मुलांकडे एकदम पाहिलं की काहीतरी दिसतं. १९६९-७० मध्ये स्वीडनमध्ये लष्करभरतीला आलेल्या ५०,०८७ तरुणांना नशेबद्दल विचारून ठेवलं होतं आणि पुढे २७ वर्षांच्या दवाखान्याच्या नोंदी तपासल्या. पन्नासहून जास्त वेळा गांजा ओढलेल्यांमध्ये स्किझोफ्रेनियाचं प्रमाण, बाकीच्या गोष्टींचा हिशेब धरूनही, साधारण तिप्पट निघालं. एरवी हा आजार शंभरात एकाला होतो असं धरा, तर इथे तिघांना. उरलेल्या ९७ जणांत तुमचे यजमान. म्हणून त्यांचं ‘आम्हाला काय झालं’ हे खरं आहे, पण त्याने काहीच सिद्ध होत नाही.

शिवाय वर्षातून एकदा प्यायलेली भांग म्हणजे पानं. गांजा म्हणजे मादी झाडाचे शेंडे, त्यात टीएचसी हा नशेचा अंश कितीतरी जास्त. युरोप आणि ब्राझीलमधल्या ११ ठिकाणच्या रुग्णांचा अभ्यास २०१९ मध्ये आला. त्यात १० टक्के किंवा अधिक टीएचसीचा माल रोज ओढणाऱ्यांना, कधीच न ओढलेल्यांच्या मानाने, सायकोसिसचा, म्हणजे भास-संशय होऊन वास्तवाचं भान सुटण्याचा, धोका जवळजवळ पाचपट दिसला. आपल्या मुलांच्या पुडीत किती असतं, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

आता माहेर. मामा तुमचे, म्हणजे मुलाच्या आजीचे भाऊ. एवढ्या लांबच्या नात्याने धोका थोडाच वाढतो. ही आनुवंशिकता एका जनुकाची नसते, शेकडो जनुकांची मिळून असते, आणि मुलाची निम्मी जनुकं वडिलांकडून आलेली आहेत. हे वाक्य यजमानांना जरूर वाचून दाखवा. २०१८ मधल्या जनुकीय अभ्यासात तर असंही दिसलं, की ज्यांच्यात आजाराची प्रवृत्ती आहे त्यांचाच ओढा गांजाकडे जास्त असतो. म्हणजे ‘गांजा की रक्त’ अशी सरळ वाटणी होत नाही.

‘गांजा’ लिहून मोकळं होण्याची सवय आपल्याकडे जुनीच. १८९३-९४ च्या सरकारी भांग-गांजा आयोगाने वेड्यांच्या इस्पितळांची एका वर्षाची रजिस्टरं पुन्हा तपासली, तेव्हा गांजाच्या नावावर लिहिलेल्या २२२ रुग्णांपैकी ९८ जणांच्याच बाबतीत ते कारण टिकलं. कारणाचा रकाना भरायचा म्हणून काहीतरी भरलेलं असायचं.

मीही सुरुवातीच्या काळात तेच केलं होतं. एका मुलाच्या वडिलांना छातीठोकपणे सांगितलं, ‘गांजाचं आहे, सुटला की संपलं,’ आणि तीन महिन्यांत गोळ्या बंद केल्या. आठ महिन्यांनी तो परत आला. गांजाला हातही लावला नव्हता, आवाज मात्र होतेच. पुढे डेन्मार्कच्या नोंदींत वाचलं, की गांजाने सायकोसिस झाला असं निदान झालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना नंतर स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर (कधी अति उत्साह, कधी खोल नैराश्य येणारा) आजार झाला. तेव्हा तो मुलगाच डोळ्यांपुढे आला.

म्हणून सांगते, ‘आता ओढत नाही, मग गोळ्या कशाला?’ असं तुमचा मुलगा एक दिवस म्हणेल. तेव्हा भांडू नका, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी कमी करू नका. गांजा पुन्हा सुरू झाला तर आजार उलटायची शक्यता बरीच वाढते, तेव्हा पुण्याच्या त्या खोलीवर इतक्यात परत पाठवू नका. वर्ष गेलं तरी चालेल. रात्री-अपरात्री काही वाटलं तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, मराठीतही बोलतात.

आणि तो स्टार्टर परत बसवायची घाई नको. तो स्वतः मागेपर्यंत त्या खोलीत बल्बवर भागवा.