अणुभट्टी, सोडियम आणि समईची वात: तुमचे प्रश्न

अंतराळातल्या अणुभट्टीतून उष्णता बाहेर काढायला हीट पाइप वापरायचा म्हणतात, तो म्हणजे नक्की काय? आत पाणी फिरवतात का?

तुमच्या लॅपटॉपमधल्या हीट पाइपमध्ये बहुतेक पाणीच असतं, पण अशा अणुभट्टीत सोडियम लागतं. दोन्हीकडून बंद नळी, आत थोडंसं सोडियम आणि भिंतीला बारीक जाळी. गरम टोकाला सोडियमची वाफ होते, ती दुसऱ्या टोकाला जाऊन उष्णता सोडते, परत द्रव होते आणि समईची वात कशी तेल ओढते तसं जाळी ते परत गरम टोकाकडे ओढून आणते. पंप नाही, म्हणजे पंप बिघडायची भानगडच नाही, आणि वर अंतराळात मेकॅनिक कुठून आणणार! १९६३ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेच्या जॉर्ज ग्रोव्हर यांनी हे करून दाखवलं.

हे खरंच चालवलंय की नुसते पीपीटी?

चालवलंय हो. नासा आणि लॉस अलामोसवाल्यांनी नेवाडात 'क्रस्टी' नावाची छोटी अणुभट्टी उभी केली, युरेनियम-मॉलिब्डेनमचा गाभा, त्याला ८ सोडियम हीट पाइप आणि वीज बनवायला उष्णतेवर चालणारी स्टर्लिंग इंजिनं. मार्च २०१८ मध्ये २८ तासांची मोठी टेस्ट झाली, तापमान ८०० अंशांच्या आसपास. मला भारी वाटलं ते वेगळंच. उष्णता काढून घेणं मुद्दाम कमी केलं तर गाभा तापून किंचित फुगला, अणुविखंडन चालू ठेवणारे न्यूट्रॉन जास्त बाहेर निसटले आणि पॉवर आपोआप खाली आली, कुणी कंट्रोल रॉडला (पॉवर कमी-जास्त करणाऱ्या दांड्याला) हात न लावता! अर्थात हे सगळं जमिनीवर, गुरुत्वाकर्षण असताना, त्यामुळे अंतराळातली परीक्षा बाकीच आहे.

रॉकेट फुटलं तर किरणोत्सर्ग पसरेल ना?

न चालवलेल्या युरेनियमचा किरणोत्सर्ग अगदी कमी असतो, घातक माल तयार होतो तो अणुभट्टी चालू झाल्यावर. १९७८ मध्ये सोव्हिएत उपग्रह कॉसमॉस ९५४ कॅनडात पडला तेव्हा त्याची अणुभट्टी चालून झालेली होती, म्हणून एवढी सफाई करावी लागली. तेव्हा स्विच वर पोचल्यावरच दाबायचा.

मग चांद्रयान-३ ला का नाही बसवली? विक्रम रात्री गारठून गेला.

वजन बघा ना. १० किलोवॅटच्या किलोपॉवरचा (नासाची अंतराळासाठीची अणुभट्टी, क्रस्टी ही तिचीच चाचणी) अंदाज साधारण १५०० किलो, आणि विक्रम रोव्हरसकट १७५२ किलोचा. त्याला वीज लागायची ७३८ वॅट, तीही चंद्रावरच्या एकाच दिवसापुरती, तिथे सोलर पॅनलच बरे. माणसं राहायला गेली की १४ दिवसांची रात्र काढायला मात्र अणुभट्टीच हवी.