वर्गात सगळेच कॉपी करतात, मी एकटीने काय करायचं?

हा प्रश्न परीक्षेच्या दिवसांत हमखास येतो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी तो घेऊन आली तेव्हा तिची झोप उडालेली होती. इंटर्नलला, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेला, तिने मागच्या बाकावरच्या मैत्रिणीला पेपर दाखवला नाही, म्हणून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून तिला काढलं होतं. "सर, कंपासपेटीत मायक्रो झेरॉक्स असतात. सुपरवायझर मोबाईलमध्ये. मी नावं सांगू की गप्प बसू?"

मी विचारलं, "तू कधीच नाही केलंस?" ती हसली. पहिल्या वर्षी ड्रॉइंगच्या शीटला तिनेही जीटी मारली होती: काचेखाली बल्ब, काचेवर सीनियरची शीट, तिच्यावर आपली कोरी, आणि पेन्सिल फिरवायची. "पण ते तर सगळेच करतात." बोलून झाल्यावर तीच थबकली. मैत्रिणींचंही म्हणणं हेच होतं.

माझं मत सरळ आहे. आपला पेपर आपण सांभाळायचा, एवढीच मुलांची जबाबदारी. त्यात दाखवणाराही आला; कॉपी केस झाली तर तोही सुटत नाही. परीक्षेच्या वर्गावर लक्ष ठेवणं मात्र पगारी माणसांचं काम आहे. परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध राज्यात 1982 पासून कायदा आहे, पण वर्गात फेरी मारायला कायदा येत नाही.

मग आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. मैत्रिणीला परीक्षेच्या आधीच सांगायचं: "आदल्या रात्री हवं तितकं समजावते, पेपरात मात्र हाक मारू नकोस." हे वाक्य तिने माझ्यासमोर म्हणून पाहिलं, पहिल्यांदा आवाज फुटेना. दुसरं, टीचर गार्डियनना, म्हणजे मुलांच्या गटाची काळजी घेणाऱ्या शिक्षकांना, भेटून कोणाचंही नाव न घेता फक्त परिस्थिती सांगायची: सुपरवायझर फिरत नाहीत, शेजारी-शेजारी एकाच विषयाचे बसतात.

पुढच्या इंटर्नलला मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरची मुलं आलटून-पालटून बसवली. ती मैत्रीण आता अभ्यासाला येते. बाकीच्या अजून फुगलेल्याच आहेत. ड्रॉइंगची शीट ही मुलगी आता स्वतः काढते म्हणाली. मी तपासायला गेलो नाही.

गेटसमोरचं झेरॉक्सचं दुकान मात्र जोरात चालू आहे. बोर्डाच्या परीक्षेला केंद्राजवळची अशी दुकानं बंद ठेवायचे आदेश निघतात. इंटर्नलसाठी कोण काढणार? हे मी प्राचार्यांना विचारलंय, उत्तर यायचंय.