प्रवास-शंका : नाशिकहून तुवालू

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त, शाकाहारी. पॅसिफिक महासागरातल्या तुवालू या बेटांच्या देशाला जायचंय. तिकिटं कशी जुळवावीत? – एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : बुकिंग उलट्या बाजूने करा. तुवालूची राजधानी फुनाफुटी; तिथलं विमान फिजीची राजधानी सुवाजवळच्या नौसोरी विमानतळावरून आठवड्यात मोजकेच दिवस उडतं. आधी ते पक्कं करा, मग मुंबई–सिंगापूर–नांदी (फिजीचा मुख्य आंतरराष्ट्रीय विमानतळ). नांदी आणि नौसोरी फिजीच्या मुख्य बेटाच्या दोन टोकांना आहेत, म्हणून जाता-येता सुवाजवळ निदान एक मुक्काम ठेवा. सगळं एकाच तिकिटावर नसेल, तर चुकलेल्या विमानाचा भुर्दंड तुमच्यावरच. सिडनीमार्गे स्वस्त दिसलं, तरी भारतीय पासपोर्टला ऑस्ट्रेलियाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो.

शेवटचं विमान छोटं, पंख्याचं एटीआर. वजन वाढलं की बॅगा मागे राहतात. औषधं आणि दोन दिवसांचे कपडे हातातल्या पिशवीतच.

चलन ऑस्ट्रेलियन डॉलर. कार्डावर विसंबू नका, सुट्ट्या नोटा न्या.

प्रवाळाच्या जमिनीत भाजी फारशी पिकत नाही, बरीचशी बाहेरून येते. चिवडा, थेपले न्या, पण फिजीत उतरताना भरायच्या फॉर्मवर खाद्यपदार्थ लिहा. द्राक्षं मात्र घरीच खाऊन निघा, ताजी फळं जप्त होतात. प्लग तिरप्या पात्यांचा, ऑस्ट्रेलियन पद्धतीचा.