सासूबाई क्वार्टरमध्ये येणार असतील तर

पोरी,

परवा फोनवर तुझं निम्मं बोलणं रडण्यातच गेलं, म्हणून आज लिहायला बसले. क्वार्टरचा नंबर लागला हे ऐकून बरं वाटलं. पीस पोस्टिंगची, म्हणजे बायका-मुलांना सोबत ठेवता येतं अशा शांत ठिकाणच्या बदलीची, दोन-अडीच वर्षं म्हणजे फौजीच्या बायकोची दिवाळी. पण गावाकडून सासूबाई येतो म्हणतायत, त्यांच्यामागोमाग भरतीची तयारी करणारा दीरही येतो म्हणतोय, आणि तुझा नवरा दोघांना "या की" म्हणून मोकळा झालाय. हे सगळे असेच असतात. आमचे हेही तसेच होते.

आधी माझी फजिती ऐक. पंजाबातल्या एका छावणीत आम्हाला पहिली क्वार्टर मिळाली. डिसेंबरचा महिना. सासूबाई गावच्या एकाबरोबर रेल्वेने आल्या. ज्वारीच्या पिठाचं गाठोडं, कांदा-लसणाच्या चटणीचा डबा आणि सासऱ्यांची काळी ट्रंक. हे ड्यूटीवर होते. आईंच्या नावाची नोंद गेटवर नाही, त्यांच्याजवळ कार्ड नाही. संतरी बिचारा नियमाने वागला. मी धावत पोचले तेव्हा आई ट्रंकेवर बसल्या होत्या, पदर कानावरून घट्ट ओढून. म्हणाल्या, "माझ्या लेकाच्या घरात जायला कागद लागतो होय गं?" ते वाक्य त्यांनी पुढं सात-आठ वर्षं मला ऐकवलं. चूक आमचीच होती.

म्हणून पहिली गोष्ट, ते घर लेकाचं नाही. ते सरकारचं आहे, त्याच्या नावावर चढवलेलं. हे सासूबाईंना तू सांगू नकोस. नवऱ्याने सांगायचं, गावी असतानाच, आणि तेही चारचौघांत नाही.

कागदाचं असं आहे. आई अवलंबित म्हणून लागत असतील तर युनिटच्या क्लार्ककडून पार्ट टू ऑर्डर, म्हणजे दफ्तरातली कुटुंबाची नोंद, करून घ्या आणि डिपेंडंट कार्ड काढा. मग गेटचा प्रश्न मिटतो आणि एमएचमध्ये, म्हणजे मिलिटरी हॉस्पिटलात, औषधंही मिळतात. तुझ्या सासूबाईंना शुगर आहे ना? दर महिन्याच्या गोळ्यांचा खर्च वाचला तरी मोठी गोष्ट आहे. पण अवलंबित धरायला आई-वडिलांच्या उत्पन्नाची मर्यादा असते, महिना 9000 रुपये आणि त्यावरचा महागाई भत्ता. शेताचं उत्पन्न यात येतं. तहसीलचा दाखला काढताना तिथं थाप मारू नका, पुढं नोकरीला डाग लागतो. सासरे फौजेतच होते म्हणालीस. मग सासूबाईंना त्यांची फॅमिली पेन्शन असेल, आणि तसं असेल तर त्यांचं स्वतःचं ईसीएचएस कार्ड, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड, निघतं. 2003 पासून ती सोय आहे. लेकाच्या कार्डापेक्षा ते बरं, कारण लेकाची बदली कुठंही झाली तरी ते त्यांच्याजवळच राहतं. आधी तेच तपास.

दीराचं मात्र माझं मत सरळ आहे. पाहुणा म्हणून आठ-पंधरा दिवस येऊ दे, गेटवर नोंद करून. कायमचा नको. धावायला ग्राउंड मिळेल, कॅन्टीनचं सामान मिळेल, हे सगळं खरं. पण कमावत्या वयाचा तरुण क्वार्टरमध्ये नोंदीशिवाय राहतोय, हे शेजारच्या ब्लॉकला कळायला आठवडाही लागत नाही. विचारणा झाली की तुझ्या नवऱ्याला साहेबांपुढं उभं राहावं लागतं. शिवाय दोन खोल्यांत तुझं काय? हे कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. लग्नाला जेमतेम वर्ष झालंय तुमच्या. बाहेरच्या खोलीत आई, आतल्या खोलीत तुम्ही, आणि न्हाणीघर एक. एवढं जमतं. त्यात दीराची वळकटी आली की तुम्ही नवरा-बायको फक्त व्हरांड्यात बोलणार.

सगळ्यांनीच एकत्र राहायचं ठरलं, तर बाहेर भाड्याने मोठं घर बघणं हा एक मार्ग आहे. पण क्वार्टर नाकारल्यावर एचआरए, म्हणजे घरभाडे भत्ता, मिळतो का, हे छावणीच्या स्टेशन हेडक्वार्टरमध्ये आधी विचारा, जमल्यास लेखी. ऐकीव गोष्टींवर क्वार्टर सोडू नका, परत नंबर लागायला फार थांबावं लागतं.

आता सासूबाईंबद्दल. त्यांना आण. तुला आज ओझं वाटतंय, मलाही वाटलं होतं. पण पीस संपलं की फील्ड, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशी बदली, येतंच. यांची फील्डला बदली झाली तेव्हा मी दोन मुलांना घेऊन एसएफएच्या, म्हणजे नवरा फील्डला असलेल्या कुटुंबांसाठीच्या, क्वार्टरमध्ये राहिले. एकदा रात्री धाकट्याला ताप चढला. आई होत्या म्हणून थोरल्याला त्यांच्याजवळ ठेवून मी एमएचला पळू शकले. त्या रात्रीनंतर ट्रंकेवरचा टोमणा मला कधी टोचला नाही.

आणि त्या कंटाळतील ही भीती सोड. आमच्या आईंना हिंदी येत नव्हतं, शेजारच्या सरदारजींच्या आईला मराठी नाही. दोघी रोज दुपारी उन्हात मटार सोलत बसायच्या. एक मराठीत गुडघ्यांची तक्रार करायची, दुसरी पंजाबीत. काय कळायचं कुणास ठाऊक, पण बदली झाली तेव्हा दोघीही रडल्या.

घर सोडताना मात्र आईंची करणी आम्हाला महागात पडली. देव्हाऱ्यासाठी त्यांनी भिंतीत चार खिळे ठोकलेले, मागच्या अंगणात तीन विटांची चूल मांडून भिंत काळी केलेली. मार्चिंग आउटला, म्हणजे घर परत देतानाच्या तपासणीला, एमईएसचा, म्हणजे लष्कराच्या बांधकाम खात्याचा, माणूस यादी घेऊन आला. पंखे, नळ, खिडक्यांच्या काचा एकेक करून मोजल्या, आणि भिंतीपाशी येऊन थांबला. बॅरॅक डॅमेज, म्हणजे नुकसानभरपाई, लागलं. तेव्हा देव्हारा स्टुलावर मांड आणि भाकरी गॅसवरच करायची असं पहिल्याच दिवशी ठरव. मार्चिंग इनच्या, म्हणजे घर ताब्यात घेण्याच्या, वेळी जे तुटकं-फुटकं दिसेल ते यादीवर लिहून घ्यायला विसरू नकोस. नाहीतर आधीच्यांचा फुटका बेसिन तुमच्या नावावर चढेल.

तिकीट काढण्याआधी मला कळव. आणि बाहेरच्या खोलीतल्या खाटेखाली ट्रंक मावते का ते टेप लावून बघ. आमची मावली नव्हती, दोन वर्षं तिच्यावरच जेवलो.

तुझी,
काकू