वर्ट उतू जातो तेव्हा
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : घरी बिअरची 5 गॅलनची (सुमारे 19 लिटर) बॅच करतो. पातेलं साडेसात गॅलनचं, त्यात सुरुवातीला साडेसहा गॅलन वर्ट (माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा गोड रस; तो आंबवला की बिअर होते) असतो. शेगडी विजेची, काचेच्या पृष्ठभागाची. आतापर्यंत दोनदा सगळं शेगडीभर झालं: एकदा उकळी फुटताना, एकदा हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) टाकताना. नेमकं चुकतं कुठे?
— एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : दोन्ही वेळचं कारण वेगळं आहे, पण मुळात पातेलं लहान पडतंय. साडेसात गॅलनमध्ये साडेसहा ओतले की वर जेमतेम पावणेचार लिटरची जागा उरते, आणि पहिला फेस तेवढी सहज खातो. एवढ्या वर्टला 10 गॅलनचं पातेलं घ्यावं. 8 चंही चालतं, पण मग नजर हटवता येत नाही.

पहिला ऊत प्रथिनांचा. माल्टमधली प्रथिनं वर्टमध्ये उतरतात, आणि उकळी जवळ आली की वाफेचे बुडबुडे त्यांच्या चिवट पापुद्र्यात अडकून वर चढतात. दुधाचंही असंच होतं. फरक हा की दूध गॅस कमी केला की बसतं, मोठा केला की पुन्हा चढतं. वर्ट पाच ते पंधरा मिनिटं खळखळला की प्रथिनं नासलेल्या दुधासारखी फुटून त्यांचे पुंजके होतात, आणि फेस आपला आपण ओसरतो. त्यामुळे पहारा तासभर द्यायचा नसतो. पहिली पंधरा मिनिटं मात्र तिथून हलायचं नाही, फोन आला तरी.

काचेच्या शेगडीची अडचण अशी की बटण फिरवलं तरी ती लगेच निवत नाही. गॅसवर किंवा इंडक्शनवर फेस चढल्यावर आच तोडता येते. तुम्हाला ती आधीच कमी करावी लागेल. वर्ट 93-94 अंश सेल्सियसला आला की आच मध्यमवर आणा आणि हळूहळू उकळी येऊ द्या. पंचवीस किलोचं उकळतं पातेलं ऐनवेळी उचलण्याचा किंवा सरकवण्याचा विचारही करू नका. साखरेचा गरम पाक अंगाला चिकटून बसतो, त्याने भाजतं ते साध्या उकळत्या पाण्यापेक्षा खोल. भाजलंच तर वीस मिनिटं गार वाहत्या पाण्याखाली धरा; बर्फ नको.

जवळ ठेवायच्या वस्तू दोनच: लांब दांड्याचा डाव आणि थंड पाण्याची फवारणीची बाटली. फेसावर बारीक फवारा मारला की बुडबुड्यांतली वाफ थिजते आणि फेस खचतो. यातून मिळतात ती दहा-वीस सेकंदं, तेवढ्यात आच कमी करायची. झाकण पूर्ण काढलेलंच ठेवा. त्याखाली फेस दिसत नाही, आणि उकळताना उडून जायला हवा असलेला, शिजलेल्या मक्यासारखा वास देणारा डायमिथाइल सल्फाइडही परत आत पडतो.

नवं पातेलं घ्यायचं नसेल तर चार लिटर वर्ट दुसऱ्या भांड्यात वेगळा गरम करा. मोठ्या पातेल्यातला फेस बसला की तो थोडा थोडा ओता. पुन्हा जरा फेस येईल, पण आता जागा असते.

आता दुसरा ऊत. हॉप्सची गोळी म्हणजे दाबून बसवलेला भुगा. ती वर्टमध्ये विरघळून सुटली की प्रत्येक कण वाफेला बुडबुडा धरायची जागा देतो. मूठभर गोळ्या टाकल्यावर क्षणभर काहीच होत नाही, मग पातेल्याच्या कडेने हिरवट फेस उभा राहतो आणि दोन श्वासांत काठावर येतो. बहुतेक जण उकळी फुटल्या फुटल्या पहिले हॉप्स टाकतात, म्हणजे प्रथिनांचा फेस अजून वर असतानाच. तो बसू द्या, 60 मिनिटं तिथून मोजा. टाकण्याआधी आच उतरवा आणि हॉप्स तीन-चार हप्त्यांत, मध्ये अर्धा मिनिट सोडून घाला. कडेला चिकटलेला हिरवा चोथा डावाने आत ढकला. तो वरच सुकला तर त्यातला कडवटपणा बिअरमध्ये उतरत नाही.

शेगडीवर सांडलेला पाक पूर्ण निवण्याची वाट पाहू नका; साखर थंड होताना काचेला खड्डे पाडू शकते. शेगडी बंद करून, ती कोमट असतानाच पात्याच्या खरवडणीने काढा.

प्रश्न : आई वरणाच्या कुकरमध्ये तेलाचा थेंब टाकते, म्हणजे फेस शिट्टीतून येत नाही. तसंच वर्टमध्ये केलं तर?
— सिडनी

उत्तर : तत्त्व बरोबर आहे. कोल्हापुराकडच्या गुऱ्हाळात काहिलीतला रस उतू जाऊ लागला की तेल टाकतात, तेही याचसाठी. पण गुळाला डोक्यावर फेस नको असतो, बिअरला हवा असतो. खाद्यतेल बिअरमध्ये शेवटपर्यंत राहतं आणि ग्लासातला फेस मोडतं.

होमब्रूच्या (घरी बिअर करण्याच्या सामानाच्या) दुकानात फर्मकॅप-एस नावाचं सिलिकोनचं द्रावण मिळतं, म्हणजे डायमिथाइल पॉलिसिलोक्सेन. (भारतात तळणीच्या तेलाच्या डब्यावर '900a' दिसतं, तेच हे.) गॅलनला दोन थेंब, म्हणजे साडेसहा गॅलनला तेरा. बाटली हलवून, उकळी येण्याआधी टाका. ते यीस्टबरोबर आणि गाळाबरोबर तळाशी बसतं, म्हणून ग्लासातल्या फेसाला बाधत नाही. तरी हे टाकलं म्हणून पातेलं सोडून जाऊ नये.

प्रश्न : कोरडा माल्ट एक्स्ट्रॅक्ट (वर्ट आटवून केलेली पावडर) टाकताच पातेलं उफाळलं, आणि तळही करपला.
— टोरांटो

उत्तर : पावडर उकळत्या पाण्यात पडली की हॉप्ससारखीच ऊत आणते. वाफेने तिचे गोळे होतात, ते तळाशी बसून करपतात. आच पूर्ण बंद करा, पावडर वेगळ्या भांड्यात थंड पाण्यात कालवून घ्या, मग ओता आणि डाव तळाला लागेपर्यंत ढवळा. तळ गुळगुळीत लागला की आच लावा. पाकासारखा पातळ एक्स्ट्रॅक्टही असाच, आच बंद करूनच घाला.

प्रश्न : थर्मामीटर 95 च्या वर जातच नाही. बिघडलाय का?
— डेन्व्हर

उत्तर : नाही. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,600 मीटरवर आहे, तिथे पाणी 95 अंशांच्या आसपासच उकळतं. वर सांगितलेली 93-94 ची खूण तुमच्यासाठी 89 धरा. कमी तापमानात हॉप्सचा कडवटपणाही कमी उतरतो, तेव्हा पहिल्या हप्त्यात थोडे जास्त घ्या.

प्रश्न : उकळताना काही झालं नाही, पण दुसऱ्या दिवशी आंबवणीच्या बादलीचं झाकण उडालं आणि भिंतीवर तपकिरी फेस!
— लेस्टर, इंग्लंड

उत्तर : हा ऊत यीस्टचा. झाकणावरच्या छोट्या एअरलॉकमध्ये (वायू बाहेर सोडणारी, हवा आत न घेणारी झडप) फेस आणि हॉप्सचा चोथा अडकला, वायूला वाट राहिली नाही. पहिले तीन दिवस एअरलॉकऐवजी एक इंच व्यासाची नळी लावा आणि तिचं दुसरं टोक जंतुनाशक द्रावणाच्या बरणीत बुडवून ठेवा. 19 लिटरसाठी किमान 24-25 लिटरची बादली हवी. गव्हाच्या बिअरला आणखी जागा द्या. खोली 20 अंशांच्या खाली ठेवली तर फेसही शांत चढतो.

प्रश्न : सुट्टीत ठाण्याला येतोय, भावाकडे एक बॅच करता येईल?
— शिकागो

उत्तर : नाही. अमेरिकेत एका प्रौढाच्या घराला वर्षाला 100 गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर 200 गॅलन बिअर स्वतःपुरती करता येते, विकता येत नाही. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे. अडचणीत भाऊ येईल.