‘बोअरला पाणी का लागलं नाही?’ आणि बारावीनंतरचे बाकीचे प्रश्न

सीईटीचा निकाल लागला की आपल्या सदराकडे येणारी पत्रं एकदम वाढतात. सगळ्यांना उत्तर देणं जमत नाही, म्हणून यावेळी एक मोठं पत्र घेतलंय आणि दोन छोटी.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी सांगोला तालुक्यातली आहे, नाव छापू नका. बारावी सायन्स झाली, पीसीएमला सीईटीत ९१ पर्सेंटाइल आलेत, आम्ही ओबीसीमध्ये येतो. पप्पांची चार एकर डाळिंबाची बाग आहे. पप्पा म्हणतात कॉम्प्युटर घे, कॉलेज कुठलंही मिळू दे. मला बोर्डात आयटीला ९२ पडलेत पण त्यात माझा जीव रमला नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या रानात तीन बोअर मारले. पाणाड्याने तळहातावर नारळ ठेवला, तो उभा राहिला, तिथेच मशीन लावलं आणि ६०० फुटांपर्यंत नुसता धुरळा निघाला. शेजारच्या काकांना दीडशे फुटांवर पाणी लागलं. असं का झालं हे मी तेव्हापासून वाचतेय. मला जिऑलॉजी करावंसं वाटतंय. आत्या म्हणते बीएस्सी करून कुणाचं भलं झालंय. घरात रोज वाद होतायत. काय करू?

उत्तर : बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. ‘मला काय आवडतं तेच कळत नाही’ असं लिहिणारी मुलं दर आठवड्याला भेटतात आणि तुझ्याकडे तर दोन वर्षं जपलेला एक प्रश्न आहे, तो साधा नाहीये. आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक बसलेले थर. घट्ट खडकात पाणी राहत नाही, ते राहतं वरच्या मुरमात, भेगांमध्ये, आणि दोन थरांच्या मधल्या सांध्यात. काकांच्या बोअरला दीडशे फुटांवर अशी भेग सापडली असणार आणि तुमच्या तिन्ही बोअरना ती लागली नसणार, मग खाली ६०० काय हजार फूट गेलं तरी घट्ट दगडाचा धुरळाच येतो. या अभ्यासाला हायड्रोजिऑलॉजी म्हणतात आणि लोक आयुष्यभर हेच काम करतात. आपल्या राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, जीएसडीए म्हणतात तिला, ते लोक ठरवून दिलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजतात. सोलापूरला त्यांचं जिल्हा ऑफिस आहे. पप्पांना घेऊन एक दिवस तिथे जा, पाण्याचा विषय आहे म्हटल्यावर पप्पा तुझ्याआधी प्रश्न विचारतील बघ.

आता ब्रँचचं. कुठलीही ब्रँच किंवा मेजर घेण्याआधी मी मुलांना एकच काम सांगते, युनिव्हर्सिटीच्या साइटवरून दुसऱ्या वर्षाच्या सिलॅबसची पीडीएफ उतरवून घ्या. पहिलं वर्ष बघून काही कळत नाही, इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष तर सगळ्यांना जवळपास सारखंच असतं. दुसऱ्या वर्षाच्या तिसऱ्या सेमिस्टरचे विषय वहीत उतरव आणि प्रत्येकापुढे लिही, पावसाळ्यातल्या एखाद्या मंगळवारी दुपारी अडीच वाजता हे लेक्चर आहे, मी बसेन का? कॉम्प्युटरला तिथे डेटा स्ट्रक्चर्स, डिस्क्रीट मॅथ्स, पुढे डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम हे येतं. जिऑलॉजीला खनिजं, खडक, जीवाश्म, स्ट्रक्चरल जिऑलॉजी. खडकाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप काचेवर चिकटवून मायक्रोस्कोपखाली बघायचा, तो काप इतका पातळ असतो की काळा दगडसुद्धा पारदर्शक होतो आणि आतले खनिजांचे रंग दिसतात. शिवाय फिल्डवर्क, हातोडा कंपास घेऊन उन्हात डोंगर चढायचे, दगडांची पिशवी पाठीवर घेऊन उतरायचे. हे वाचून तुला जायची घाई झाली तर ते एक उत्तर आणि ‘एवढं ऊन कोण सोसणार’ असं वाटलं तर तेही खरंच उत्तर समज.

पप्पांना वेडं ठरवू नकोस हं. तीन बोअर कोरडे गेलेला माणूस मुलीसाठी पगाराची खात्री मागतो यात चूक काही नाही. म्हणून त्यांना हिशोब दाखव, आवड आवड करत बसू नकोस. जिऑलॉजीचा खरा हिशोब असा की नुसत्या बीएस्सीवर थांबून चालत नाही, एमएस्सी धरूनच चालायचं, म्हणजे पाच वर्षं. एमएस्सीसाठी जॅम म्हणून परीक्षा असते तिच्यावर आयआयटीत जाता येतं, आयआयटी मुंबईला अप्लाइड जिऑलॉजीची एमएस्सी आहे. त्यानंतर यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा, तिच्यातून १८५१ साली सुरू झालेल्या जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात आणि केंद्रीय भूजल मंडळात घेतात, आणि तिला मास्टर्स लागतंच. जागा मोजक्या असतात, स्पर्धा आहे, हेही पप्पांना सांग, लपवू नकोस. बीएस्सीला पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये जिऑलॉजी आहे, आणि तुमच्या सोलापूर विद्यापीठात भूशास्त्राचा विभाग आहे, तिथे पण जाऊन ये, घरापासून फार लांब नाही.

तुझ्या यादीत नसलेला आणखी एक रस्ता मला दिसतो, बी.टेक. ॲग्रिकल्चरल इंजिनिअरिंग. कृषी विद्यापीठांत असतं, तुला जवळचं म्हणजे राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ. त्यात मृद आणि जलसंधारण हा मोठा भाग असतो, म्हणजे पाणलोट, भूजल, बंधारे, ठिबक, तुझ्या रानातलेच सगळे विषय. चार वर्षांत इंजिनिअरची डिग्री हातात आणि बँकांच्या ॲग्रिकल्चर फिल्ड ऑफिसरच्या परीक्षेला बसता येतं, पप्पांचा खात्रीचा मुद्दा इथे बराचसा सुटतो. सीईटीचा पीसीएम स्कोअर यालाही चालतो पण ॲडमिशनची प्रोसेस इंजिनिअरिंगपेक्षा वेगळी आहे, फॉर्म वेगळा, तारखा वेगळ्या, इंजिनिअरिंगचा भरला म्हणजे हा आपोआप भरला असं होत नाही. दरवर्षी कितीतरी मुलं इथेच चुकतात.

फीचं पण सांगते कारण पत्रात नाही लिहिलंस तरी घरात तो विषय असणार. २०२४-२५ पासून राज्य सरकारने मुलींसाठी नियम केलाय, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत आणि मुलगी ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमधली असेल तर कॅपमधून, म्हणजे सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, घेतलेल्या प्रोफेशनल कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. राज्य सरकारच्या महाडीबीटी या साइटवर फॉर्म भरावा लागतो. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं तर मात्र यातलं काही मिळत नाही, म्हणून कुणी ‘डायरेक्ट करून देतो’ म्हणून फोन केला तर पप्पांना आधी हे वाचून दाखव.

माझं मत विचारशील तर फक्त पप्पांच्या भीतीपोटी कॉम्प्युटर घेऊ नकोस. कॉम्प्युटर वाईट नाही, ज्याला रात्री जागून कोडमधली चूक शोधायला आवडते त्याने जरूर घ्यावं, तुला तसं होत नाही हे तूच लिहिलंयस. ॲग्री इंजिनिअरिंग आणि जिऑलॉजी दोन्हीकडे फॉर्म भर, सिव्हिलसाठी इंजिनिअरिंगचा कॅप पण भरून ठेव. बीएस्सीच्या ॲडमिशन आधी होतात, तिथे प्रवेश घेऊन ठेव, फी परत मिळायचे नियम आणि शेवटची तारीख ऑफिसमधून लिहून घे, आणि सगळ्या मूळ कागदांच्या अटेस्टेड झेरॉक्स चार-चार सेट काढून ठेव.

ऑप्शन फॉर्म म्हणजे कॅपमध्ये कॉलेज-ब्रँचची पसंती क्रमाने भरायचा फॉर्म, त्याबद्दल आता नीट लक्ष देऊन वाच, कारण गेल्या वर्षी मी हे डोळ्यांनी बघितलंय. एक मुलगा आईला घेऊन आला, हातात साठ ऑप्शनचं प्रिंटआउट. फॉर्म नेट कॅफेतल्या कुणीतरी भरून दिलेला, पहिल्या नंबरला असं कॉलेज जे त्याने कधी बघितलेलंही नव्हतं, आणि नेमकं तेच पहिल्या राउंडला लागलं. २०२५ पासून नियम असा झालाय की पहिल्या राउंडला पहिल्या नंबरचा ऑप्शन लागला तर तो आपोआप फ्रीझ होतो, दुसऱ्या राउंडला पहिल्या तीनमधला, तिसऱ्याला पहिल्या सहामधला. लागला की घ्यायचा, नाही घेतला तर पुढच्या राउंडमधून बाहेर. ती आई प्रिंटआउटवर बोट ठेवून विचारत होती, मॅडम हे वर कुणी लिहिलं? आणि मुलगा खाली बघत बसला होता. साठातली त्याला मनापासून हवी असलेली ब्रँच सतराव्या नंबरला होती.

तर यादी स्वतःच्या हाताने लिही, आधी वहीत मग स्क्रीनवर. क्रम लावायचा तो मनातल्या आवडीचा. ‘हे मला मिळणार नाही’ म्हणून आवडतं कॉलेज खाली टाकू नकोस, कॉम्प्युटर तुझ्या मेरिटप्रमाणे यादी वरून खाली वाचतो आणि जिथे जागा असेल तिथे थांबतो, वर अवघड कॉलेज लिहिल्याने खालच्याचा तुझा चान्स कमी होत नाही. फक्त पहिल्या सहात असं एकही नाव नको जे लागल्यावर तू रडशील. गेल्या वर्षीचे कटऑफ सीईटी सेलच्या साइटवर राउंडप्रमाणे असतात. त्यात एल-ओबीसी-एच असलं काहीतरी दिसेल, एल म्हणजे मुलींच्या जागा, शेवटचा एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरच्या युनिव्हर्सिटीचे, एस म्हणजे स्टेट लेव्हल. बारावी जिथून केली त्यावर होम युनिव्हर्सिटी ठरते, तुझी सोलापूर. स्वतःचा कॉलम सोडून जनरलचा कटऑफ बघून घाबरणारी मुलं खूप आहेत, तू तुझाच कॉलम बघ. आणि यंदाचं माहितीपत्रक स्वतः वाच, नियम दरवर्षी थोडे बदलतात.

प्रश्न : मॅडम, मी कल्याणला राहतो, रेल्वेत आहे. मुलगा बारावी कॉमर्स ७८ टक्के. आता आर्ट्सला जाऊन सायकॉलॉजी किंवा इकॉनॉमिक्स म्हणतोय. मेजर, मायनर, क्रेडिट, मला काही कळत नाही. त्याला अडवू का?

उत्तर : दादा, अडवू नका. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडीचा, बाकी ओपन इलेक्टिव्ह वगैरे, आणि क्रेडिट म्हणजे प्रत्येक विषयाला दिलेलं वजन. काही विद्यापीठांत पहिल्या वर्षी तीन विषय बरोबरीने शिकून दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर ठरवतात, काही ठिकाणी ॲडमिशनलाच मेजर सांगावा लागतो, त्यामुळे कॉलेजच्या ऑफिसात पहिला प्रश्न हाच विचारा की मेजर कधी ठरतो आणि नंतर बदलता येतो का. दुसरा प्रश्न, या मेजरसोबत मायनर कुठले मिळतात, कारण कागदावर सगळे दिसतात आणि टाइमटेबलात दोनच बसतात. तीन वर्षांनी डिग्री मिळते, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स.

इकॉनॉमिक्सचं एक सांगते, पुढे एमए किंवा नोकरी करायची तर गणित आणि स्टॅटिस्टिक्स लागतं. कॉमर्सला त्याने मॅथ्स घेतलं होतं का? नसेल तर मायनर शक्यतो स्टॅटिस्टिक्सचा बघा. सायकॉलॉजीला तीन वर्षांवर काउन्सेलर होता येत नाही, एमए आणि त्यापुढचं ट्रेनिंग लागतं, तेवढी वर्षं द्यायची तयारी आहे का ते त्याच्याशी शांतपणे बोला. रात्री ड्यूटीवरून आल्यावर नको, रविवारी सकाळी बोला. त्याने दोन्ही विषयांची एकेक लायब्ररीची पुस्तकं आठवडाभर वाचावीत, कुठलं आपोआप उघडलं जातं ते त्यालाच दिसेल.

प्रश्न : ताई, परभणीहून लिहितोय. जात प्रमाणपत्र आहे पण व्हॅलिडिटी आली नाही, नॉन क्रिमीलेयर जुनं आहे. कॅपला चालेल का?

उत्तर : नॉन क्रिमीलेयर जुनं चालत नाही, ॲडमिशननंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत व्हॅलिड असलेलं लागतं, आजच सेतूत जाऊन नवीन टाक, निकालानंतर तिथे रांग वाढते. व्हॅलिडिटीसाठी जात पडताळणी समितीकडे अर्ज केला असशील तर त्याची पावती शोधून फोल्डरमध्ये ठेव, पावतीवर फॉर्म भरायला आणि प्रमाणपत्रासाठी किती मुदत देतात हे त्या वर्षीच्या सूचनेत असतं. अर्जच केला नसशील तर तुझ्या ज्युनिअर कॉलेजच्या क्लार्ककडे उद्या सकाळी जा, कारण अर्ज कॉलेजच्या शिक्क्याने जातो. वडिलांकडच्या कुणाची व्हॅलिडिटी आधी झाली असेल, काका, आत्या, चुलत भाऊ, तर त्याची झेरॉक्स जोड, काम लवकर होतं. आणि सगळ्या कागदांवर तुझं नाव एकसारखं आहे का बघ, दहावीच्या मार्कशीटवर जसं आहे तसंच, वडिलांच्या नावातला एक काना पण वेगळा नको.